हात सुटला की मार बंद

माझ्या धाकट्या बहिणीने तिच्या नवऱ्याचा हात मोडला, त्याचे अकरा फोटो माझ्याकडे आहेत. ओळीने, एकही हललेला नाही. एवढे स्वच्छ फोटो मी आयुष्यात फार थोड्या वेळा काढले.

मी यवतमाळला सरकारी दवाखान्यात नर्स आहे. नवरा नोकरीत, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. रविवारी ड्यूटी नसली की आम्ही गाडी काढतो आणि कुठेतरी जातो. धरण, देऊळ, जंगलाच्या कडेकडेचा रस्ता, काहीही. नवऱ्याला डबा खायला जायचं असतं, मुलांना पाण्यात दगड टाकायला, मला फोटो काढायला. कॅमेरा जुना आहे. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाने धंदा सोडला, तेव्हा त्याच्याकडून घेतला. त्या कॅमेऱ्यामुळे मुलांना एक नियम आहे : माझा डोळा कॅमेऱ्याला लागलेला असेपर्यंत हलायचं नाही.

हा नियम लाडाने शिकवलेला नाही. एकदा धरणाच्या भिंतीवर पोरगा सारखा वळवळत होता, ऊन उतरत होतं, मी त्याला एक ठेवून दिली. मग फोटो काढला. त्यात तो हसतो आहे. गालावरची बोटं दिसत नाहीत, कारण मी त्याला दुसऱ्या बाजूला वळवून उभा केला होता. फोटो चांगला यावा म्हणून काय काय करायचं, हे मला चांगलं कळतं.

माझं माहेर आणि बहिणीचं सासर दोन्ही फुलसावंगीच्या बाजूला, दोन वेगळ्या तांड्यांत. आम्ही बंजारा. घरात आमची बोली, बाहेर वऱ्हाडी. इथे तांड्यातल्या सगळ्यांचं बोलणं मी वऱ्हाडीत लिहिते आहे, माझं आणि माझ्या घरचं साध्या मराठीत. दोन्ही तांड्यांत मला ‘फोटोवाली बाई’ म्हणतात. कुणाचं बारसं, कुणाचा साखरपुडा, कुणाची शेवटची आजारी म्हातारी, मी गेले की फोटो निघतो आणि पुढच्या फेरीला मी तो चौकटीत घालून नेते. बहिणीच्या सासरी ओसरीच्या भिंतीवर असाच एक मोठा फोटो आहे. सगळा खेळ त्या फोटोपाशी येऊन थांबला, म्हणून आधी त्याचं सांगते.

दिवाळीत भाऊबीजेला बहीण नवऱ्यासोबत आमच्याकडे आली. पोर तेव्हा तीन-चार महिन्यांचं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे केळापूरच्या देवीला गेलो. दर्शन झालं, मग खुनी नावाच्या नदीच्या काठावर चादर टाकून जेवायला बसलो. एक मरतुकडी कुत्री पिलं पाजून सुटलेली, ओघळलेल्या आचळांनी आमच्याभोवती फिरत होती. मुलांनी तिला पुरी टाकली. ती जवळ आली. मेहुण्याने बसल्या जागेवरून दगड उचलून तिच्या मागच्या पायावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मला ओळखता येतो. कुत्री किंचाळत, पाय लोंबवत झुडपात गेली.

माझा पोरगा रडायला लागला. मेहुणा हसला. “काय रे, बाईवाणी रडून राह्यला? कुत्रंच तं होतं.”

बहीण कुत्रीकडे बघत नव्हती. ती त्याच्या हाताकडे बघत होती, तो हात दुसरा दगड उचलतो की पोळी, एवढंच. दिवसभर तिने पदर डोक्यावरून डाव्या बाजूला ओढून धरला होता. मी म्हटलं, “सगळे नीट बसा, फोटो काढते. पदर सरकव गं.” तिने मान हलवली. मेहुणा म्हणाला, “बाई म्हणते तं सरकव न.” तिने सरकवला.

डावा डोळा अर्धा मिटलेला, भोवती काळं-निळं, कडेने पिवळं पडत चाललेलं. तीन-चार दिवस जुना मार. दवाखान्यात असे डोळे मी आठवड्याला दोन-तीन बघते. दाराला धडकलं म्हणून सांगतात, पण दार डोळ्याच्या खोबणीत शिरत नाही, मूठ शिरते. मला ते एका नजरेत कळलं. मी म्हटलं, “सगळे इकडे बघा,” आणि बटण दाबलं.

घरी आल्यावर फोटो लॅपटॉपवर घेतला. उजेड सुंदर पडला होता, मागे नदी, कधी नव्हे ती दोन्ही मुलं सरळ बघत होती. फक्त तो डोळा. फोटोतली मुरमं पुसतात तसा मी तो पुसला. उजव्या डोळ्याची कातडी घेऊन डाव्याभोवती लावली, पापणी जराशी उघडली. अर्धा तास लागला. मुलगी शेजारी बसून बघत होती.

“आई, आता मावशीला दुखत नाही का?”

“अभ्यासाला बस,” मी म्हटलं.

तो फोटो मोठा करून, चौकट लावून मी बहिणीच्या सासरी पाठवला. सासूला फार आवडला. “माही सून किती गोरी दिसून राह्यली,” असा तिचा फोन आला होता.

होळीला बहिणीच्या पोराची ढूंढ होती. ज्या घरी वर्षात मुलगा जन्मतो तिथे हे करतात. पोराला मांडीवर घेऊन बसतात, त्याच्या डोक्यावर आडवी काठी धरतात आणि तांड्यातले गेर्ये, म्हणजे होळी खेळणारे पुरुष, गाणी म्हणत त्या काठीवर आपल्या काठ्या आपटतात. खाली आठ महिन्यांचं टाळू न भरलेलं पोर, वर वीस काठ्यांचा खणखणाट. पोर डोळे मिचकावत राहतं. एकाचीही काठी घसरत नाही. मी लहान होते तेव्हापासून एकदाही घसरलेली नाही.

ढूंढ झाली की खुंट्याचा खेळ. अंगणाच्या मधोमध जाड खुंटा ठोकतात, त्याला गुलगुल्यांनी, म्हणजे गोड भज्यांनी भरलेली पितळी गंज, आमचं मोठं पातेलं, दोरखंडाने जखडतात. पुरुषांनी ती पळवायची, बायकांनी राखायची. बायकांना गेरणी म्हणतात, आणि त्या दिवशी गेरणीच्या हातात ओली, लवलवती काठी असते. मारतात ते लुटुपुटीचं नसतं. पाठीवर वळ उठतात, बोटं सुजतात. माझ्या आईने एका साली दिराचं डोकं फोडलं होतं आणि संध्याकाळी त्यानेच तिच्याकडून गुलगुले मागून खाल्ले. कारण नियम पक्का आहे : हात खुंट्याला, दोराला किंवा गंजीला लागलेला असेल तोवर कितीही मारा, तक्रार नाही. हात सुटला की मार बंद. शिवाय हा खेळ दीर-भावजयांचा. नवरा-बायको समोरासमोर येत नाहीत, आणि ज्या पोराची ढूंढ असते त्याचा बाप तर लांबच उभा राहतो, पाहुण्यांना पान देत.

मुलांना मी ओसरीच्या पायरीवर बसवलं आणि कॅमेरा सलग फोटोंवर लावला. बटण दाबून धरलं की एकामागून एक निघत राहतात.

पहिली काही मिनिटं नेहमीसारखी गेली. डफ कडकडत होता. पोरं वाकून घुसत होती, फटके खाऊन मागे पळत होती. “हात लाव न रे, हात लाव! घरी तं बायकोसमोर लय उड्या मारते!” नायकाची बायको ओरडत होती. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. त्याची बायको सत्तरीची, अजून फेटिया-कांचळीत, म्हणजे आमच्या जुन्या घागरा-चोळीत, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. सगळ्यांत जोराची काठी तिची.

तेवढ्यात मेहुणा गर्दीतून आत आला. सकाळपासून प्यायलेला. लोक म्हणाले, “अबे, तू कायले? बाप हायेस तू पोराचा!” तो थेट बहिणीच्या बाजूने आला. तिच्याकडे बघून हसला, नदीकाठी हसला होता तसा. म्हणाला, “मार न. मले मारतं का? मारून दाखव.”

आणि त्याने गंजीला हात घातला.

माझा डोळा कॅमेऱ्याला होता. बोट बटणावर होतं. ते मी उचललं नाही.

तिने पहिली काठी खांद्यावर मारली. दुसरी मनगटावर, आणि तो आवाज आला, नदीकाठी आला होता तोच. हात गंजीवरून सुटून लोंबायला लागला. तो गुडघ्यावर आला. तिने तिसरी तोंडावर मारली, दात मातीत पडला. चौथी कानावर. पाचव्या वेळी काठी मोडली, तर तिने तुटलेलं टोक उलटं धरलं आणि पाठीत मारत राहिली. ती ओरडत नव्हती, रडत नव्हती. कांदा चिरताना असतो तसा तिचा चेहरा होता. डफ कधी थांबला कळलं नाही. दोन बायकांनी तिला मागून कवेत धरलं, तेव्हा ती थांबली. गुलाल आणि रक्त एकाच रंगाचं दिसत होतं. फक्त रक्तावर माशा लगेच बसतात.

माझी मुलं पायरीवर हलली नव्हती. माझा डोळा कॅमेऱ्याला होता ना.

मी कॅमेरा गळ्यात सोडला आणि त्याच्याकडे गेले. ते माझं कामच आहे. मनगटाच्या वर दोन्ही हाडं गेली होती. बांधायला काही सापडेना, म्हणून बहिणीच्या मोडक्या काठीचे दोन तुकडे हाताला लावून ओढणीने घट्ट बांधले. तो मला शिव्या देत होता, तोंडातून रक्त उडत होतं. त्याच्या भावाने त्याला मोटरसायकलवर मध्ये बसवून पुसदला नेलं.

त्यानंतर तांडा सासूच्या ओसरीवर जमला. नायक बाजेवर, चार म्हातारे खाली, बायका दाराशी. बहीण भिंतीला टेकून बसलेली. पोर तिच्याजवळ नव्हतं, सासूने ते आपल्या मांडीवर आवळून धरलं होतं.

“इनं जाणून मारलं,” सासू म्हणाली. “खेळ नोयता तो. माह्या पोराले जीवानिशी मारत होती. इले माहेरी धाडा आजच. पोरगं आमचं हाय. त्याची ढूंढ आमच्या दारात झाली, ते इथंच राहीन.”

पोर भुकेने रडायला लागलं होतं. बहिणीच्या ब्लाउजवर दुधाचे डाग पसरत होते. ती नुसती पोराकडे बघत होती.

नायक म्हणाला, “नेम एकच हाय. हात लागून होता तं खेळ. त्यात हाड मोडो का टकुरं फुटो, कोनं काही बोलायचं नाई. हात सुटल्यावर मारलं असन, तं ते मारणं झालं. मंग पोराचं सासू म्हनते तसं.” तो माझ्याकडे वळला. “फोटोवाली बाई इथंच होती. तिचा फोटो खोटं बोलत नाई. आण बाई.”

त्याच्या डोक्याच्या वर, भिंतीवर, केळापूरचा फोटो होता. बहीण दोन्ही डोळे उघडे ठेवून गोरी दिसत होती.

लॅपटॉप गाडीत होता. नवरा माझ्यामागे आला आणि हळूच म्हणाला, “पहिले दोन-तीन ठेव, बाकी उडव. कार्ड खराब झालं म्हण. कोणाला कळते?” तो काही वाईट सांगत नव्हता. मीही दार उघडताना तेच ठरवत होते. किती क्रमांकापर्यंत ठेवायचे, याचा हिशोब डोक्यात चालू होता.

मुलगी मागच्या सीटवर जाऊन बसली होती, भावाला मांडीवर घेऊन. म्हणाली, “आई, मावशीचा डोळा पुसला तसं आता काठ्या पुसणार का?”

तिने टोमणा मारला नव्हता. नऊ वर्षांच्या पोरीला आपली आई काय काम करते ते माहीत होतं, एवढंच. आणि या वेळी तिला अंदाज घ्यायचा होता, किती वेळ लागेल.

मी लॅपटॉप घेऊन ओसरीवर गेले आणि बाजेवर ठेवला. अकराही फोटो एकेक करून दाखवले. पहिला, काठी वर. दुसरा, खांद्यावर. तिसरा, मनगट, हात गंजीला. चौथा, हात सुटलेला.

“इथं सुटला,” मी म्हटलं. “इथून पुढचं सगळं सुटल्यावरचं आहे.”

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. तसं ती आजवर फक्त नवऱ्याकडे बघत असे. मी पुढचे सात दाखवले. दात उडाला तो फोटोही. सासू म्हणाली, “पाह्यलं? सख्खी बहीण सांगून राह्यली.”

“थांबा,” मी म्हटलं. स्टूल घेतलं, भिंतीवरचा फोटो खिळ्यावरून काढला आणि लॅपटॉपशेजारी उभा केला. मग त्या दिवशीचा मूळ फोटो उघडला. मी फोटो पुसते, पण मूळ कधी टाकत नाही. नवरा त्यावरून मला कायम हसतो.

“हा मी काढला. आणि तो जो भिंतीवर होता, तो मी पुसून दिला. डोळा असा होता. तुम्ही सगळ्यांनी चार महिने माझं खोटं भिंतीवर लावलं.”

म्हातारे पुढे वाकले. एकाने चष्मा काढून पुसला आणि परत लावला. सासू म्हणाली, “संडासात पाय घसरला होता तिचा.”

“मी नर्स आहे, याडी,” मी सासूला म्हटलं; आमच्यात आईला याडी म्हणतात. “ही मूठ आहे. बोटाची अंगठी कुठे लागली तेही दाखवते.” आणि फोटो मोठा केला.

तेव्हा दाराशी उभी असलेली नायकाची बायको आत आली. बाजेला टेकून तिने एकदा इकडच्या, एकदा तिकडच्या फोटोकडे पाहिलं. “नेम हाय न आपला,” ती नवऱ्याला म्हणाली, “हात लागला तं मारा, सुटला तं थांबा. बरोबर हाय. मंग मले सांग नायक, दिवाळीले इच्या घरात कोनता खुंटा रोवला होता? इचा हात कोन्या गंजीले लागला होता?”

ती पुढे झाली आणि सासूच्या मांडीवरून पोर उचललं. सासूने क्षणभर पोराचा पाय धरून ठेवला. म्हातारीने बांगड्यांचा हात नुसता वर केला, सासूने पाय सोडला. पोर बहिणीच्या मांडीवर आलं आणि रडायचं थांबलं.

“पोरगं मायजवळ राहीन,” नायक शेवटी म्हणाला. “बाकीचं त्याचा हात जुळल्यावर पाहू.” त्याला जेवढं जमलं तेवढं त्याने केलं. बहिणीच्या मारण्याला कुणी बरोबर म्हटलं नाही आणि मीही म्हणत नाही. माणूस गुडघ्यावर आल्यावरचे ते फटके मी पाहिले आहेत. मोठे करून पाहिले आहेत.

दिवस मावळायच्या आत आम्ही निघालो. बहीण मागे बसली, पोर छातीशी, दोन्ही बाजूंना माझी मुलं. आर्णीला नवऱ्याने चहासाठी गाडी थांबवली आणि मुलांना घेऊन उतरला.

बहीण म्हणाली, “बाई, आज सारे फोटो दाखवले तुनं. माहे फटके पण.”

“हो.”

“मंग तवा माहा डोळा काहून पुसला?”

मला बरीच उत्तरं देता आली असती. तुला लाज वाटेल म्हणून, सासरी त्रास होईल म्हणून. तिने पदर गच्च धरला होता आणि मी तो सरकवायला लावला होता, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

“फोटो चांगला आला होता,” मी म्हटलं. “तेवढंच खराब दिसत होतं.”

तिने मान हलवली, जशी कुणी भाजीचा भाव ऐकून हलवतं. मग पोराला दुसऱ्या बाजूला घेतलं. चहा आला तो प्यायली.

ती आता आमच्याकडेच आहे. मेहुण्याचा हात जुळला, वाकडा जुळला. निरोप येतात, ती जात नाही. पुढचं तिचं ती ठरवेल.

मागच्या आठवड्यात मी मूळ फोटो मोठा करायला स्टुडिओत नेला. काउंटरवरच्या माणसाने स्क्रीनवर तो उघडला, जवळ घेतला आणि मदत करावी म्हणून म्हणाला, “मॅडम, या ताईंचा डोळा जरा काळा आला आहे. साफ करून देऊ का? पाच मिनिटांचं काम आहे.”

“मला अर्धा तास लागला होता,” मी म्हटलं. “राहू दे. आहे तसाच काढ.”